व्हर्नची पसंती

“नाही,” व्हर्न म्हणाला.

दुकानदार क्लीटने तिसरी रायफलही निमूटपणे भिंतीवर टांगली. अर्धांगाचा झटका आल्यापासून व्हर्नजवळ हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. उजवा हात, उजवा पाय आणि बाकीची सगळी भाषा एका सकाळीच गेली होती. यातला खरा ‘नाही’ कुठला आणि ‘हो’ कुठला, हे ओळखता ओळखता त्याची बायको आर्डिस सहा महिन्यांत मेटाकुटीला आली होती.

तरी आज ती हट्टाने त्याला चाकाच्या खुर्चीत घालून पस्तीस मैलांवरच्या या दुकानात घेऊन आली होती. गोफरांनी कुरण पोखरून ठेवलं होतं. खारीएवढा जीव, पण त्याच्या बिळात पाय जाऊन गेल्या महिन्यात तांबड्या घोडीचा पाय मोडला. आर्डिसला बंदूक उचलवली नाही. घोडीला गोळी घालून सोडवायला शेजारच्या रँचवरून माणूस बोलवावा लागला. व्हर्न खिडकीत बसून ते सगळं पाहत होता.

पण गोफर हे निमित्त. व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली होती, “यांच्या आवडीचं काहीतरी हातात द्या. त्याने माणूस परत येतो.” व्हर्नची नेमबाजीची आवड अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. रविवारी क्लबात कागदी निशाणं आणि बाकीचे दिवस गोफर. एकदा बारीक गोळीची एक हलकी पॉइंट टू-टू रायफल त्याच्या हातात पडली, की आपला माणूस आपल्याला परत मिळेल, असं आर्डिसने मनाशी घट्ट धरलं होतं. बुडणाऱ्याने काडी धरावी तसं.

“ही बघ,” क्लीटने चौथी काढली. आत गोळी नाही हे उघडून दाखवलं आणि पुढे केली. “हिचा बोल्ट ओढायला नको, गोळी आपली आपण चढते. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकव आणि डाव्या बोटाने चाप ओढ. डोळे मिट, मी खांद्याला लावतो. डोळे उघडल्यावर नजर सरळ नळीवरून गेली, तर समज तुझ्यासाठीच बनवली.”

“नाही.”

“अरे, डोळे मिट तरी!”

“नाही!”

“म्हाताऱ्या, तुझ्या नखऱ्यांपायी अख्खं दुकान उतरवायला लावशील मला.”

आर्डिसने फळीवरची दुसरी एक उचलली. “किती हलकी आहे बघ, व्हर्न.” तिने डावा हात नळीवरून पलीकडे नेऊन उजवीकडचा बोल्ट मागे ओढला. क्लीटला हसू फुटलं. “आर्डिस, अजून गाईच्या उलट्या बाजूला बसूनच धार काढतेस वाटतं!”

ती हसली. व्हर्न हसला नाही. त्याने डावा हात उचलला आणि बोट रोखलं. कोपऱ्यात, मासे धरायच्या गळांमागे, एक रायफल धूळ खात टांगलेली होती.

“ती?” क्लीट म्हणाला. “ती डावखुऱ्यांची आहे. बोल्ट डावीकडे. कुणीतरी मागवली आणि न्यायला फिरकलाच नाही.” बोलता बोलता तो थांबला. “अगं, पण याचा डावाच हात तर धड आहे! आपल्या दोघांच्या डोक्यात आलं नाही ते या लबाडाला सुचलं!”

आर्डिसचे डोळे भरून आले. सहा महिन्यांत व्हर्नने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. क्लीटने रायफल पुसली, उघडून दाखवली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी ठेवली. व्हर्नने डाव्या अंगठ्याने बोल्ट मागेपुढे केला. लाकडावरून हात फिरवला. मग क्लीट ती उचलून त्याच्या खांद्याला लावायला गेला.

“नाही.”

“आता काय? तूच तर मागितलीस!”

व्हर्नने रायफल ढकलली. पण या वेळी क्लीटकडे नाही, आर्डिसकडे. तिला काही उमजेना. तेव्हा त्याने हात लांब करून तिच्या डाव्या खांद्यावर दोनदा थापटलं.

आर्डिसच्या आता लक्षात आलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली. दर वसंतात गोफर बिळांतून वर आले, की व्हर्न म्हणायचा, “तुला तुझ्यासारखीच एक डावखुरी रायफल घेऊन टाकू.” आणि ती दर वर्षी एकच उत्तर द्यायची. “कशाला? तू आहेस ना.”

“व्हर्न, आपण तुझ्यासाठी आलोय,” ती कशीबशी म्हणाली. “मला नकोय ही. ऐकतोस ना?”

त्याने रायफल आणखी तिच्याकडे सरकवली. क्लीट मान खाली घालून उगाचच फळी पुसायला लागला.

शेवटी तिने रायफल हातात घेतली. डोळे मिटले. दस्ता डाव्या खांद्याला टेकवला, गाल लाकडावर ठेवला. बोट आपसूक चापापाशी गेलं. कुठे ओढाताण नाही, कुठे वाकडं नाही. डोळे उघडायच्या आधीच तिला कळून चुकलं.

तिने डोळे उघडले नाहीत. ज्या एका शब्दाने सहा महिने तिचा जीव खाल्ला होता, त्याच शब्दाची ती आता कानांत प्राण आणून वाट पाहत होती.

व्हर्न काहीच बोलला नाही.