शिपायाच्या मायची चिठ्ठी

"शिपाई पहारा सोडून घरी जाऊन राह्यला," गजेंद्रनं जाहीर केलं. "तो गेला का किल्ल्याचा दरवाजा मोकळा. मंग राक्षस आत, अन् तुमी दोघं मेले समजा. थांबवा त्याले."

"बांधून टाकू साल्याले," योगेंद्र म्हणाला. त्याला प्रत्येक अडचणीवर हाच उपाय सुचायचा.

"बांधलेला शिपाई पहारा देते काय बे?"

अठ्ठ्याण्णवचा मे महिना. वर्ध्याच्या त्या होस्टेलात दुपारी लाईट गेली की कूलर बंद आणि अभ्यासही बंद. मग हे तिघं गजेंद्रच्या खाटेवर खेळ मांडत. योगेंद्रच्या आतेभावानं पुण्याहून त्याच्या नियमांची झेरॉक्स आणली होती. राजे, राक्षस, किल्ले, सगळं तोंडी, आणि नशिबाला लुडोचा एक पासा. खेळ चालवायचा गजेंद्र. योगेंद्र तलवारबाज. राकेश जालसाज, खोटे शिक्के, खोटी फर्मानं, कोणाचंही अक्षर हुबेहूब. खेळात हं! एरवी बापड्यानं कधी बापाची सहीसुद्धा मारली नव्हती.

"मले नाई खेळायचं," राकेश म्हणाला. "मी उद्या घरी अल्लीपूरले जातो."

"सोमवारी पेपर हाय."

"माहीत हाय मले. पण मायची चिठ्ठी नाई आली."

त्याची आई तानाबाई दम्यानं बेजार असायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती बोलायची आणि धाकटी मेघा ते पोस्टकार्डावर जसंच्या तसं उतरवायची, मले-तुलेसकट. मंगळवारी कार्ड यायचं म्हणजे यायचंच. आता दोन मंगळवार कोरडे गेले होते. गेल्या वर्षी अशाच पेपरांच्या तोंडावर ती आजारी पडली, राकेश सगळं टाकून घरी पळाला आणि त्याचं साल गेलं. डिप्लोमाची ही शेवटची संधी होती. गंमत अशी की त्या वेळी आईच त्याच्यावर चिडली होती, माह्यापायी पेपर काऊन सोडला म्हणून. आठ दिवस बोलली नव्हती धड.

"पोस्टाचं काय खरं असते?" गजेंद्र म्हणाला. "शनिवारपर्यंत वाट पाहा. नाई आली तर मी सोता लूनावर नेऊन सोडतो तुले. आता शिपायाचं बोल."

राकेशला असा राग आला! याची आई तिकडे हिंगणघाटला दुकानात ठणठणीत बसलेली. रविवारी खालच्या एसटीडीवाल्यानं याला हाक मारली, तर अर्धा तास घरच्यांशी बोलत होता. याला काय जातंय शहाणपण शिकवायला?

पण शिपाई डोक्यातून जाईना.

"त्याले मायची चिठ्ठी देतो," राकेश शेवटी म्हणाला. "येऊ नको म्हणून."

"खोटी?"

"मंग खरी कुठून आणू?"

"लिहून दाखव. माय बोलते तशी पायजे. शिपाई काही बुद्दू नाई."

राकेशनं वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसला, तो थांबेचना. 'मी बरी हाय. तू नौकरी सोडून येऊ नको. कोंबडी अंड्यावर बसली. तुह्या बापाचे गुडघे दुखून राह्यले, पण तोंड चालूच हाय.' योगेंद्र खो खो हसला.

गजेंद्र हसला नाही. "हे तर कोणीबी लिहिन. याच्यात मायचं काय हाय?"

राकेश पेन चावत बसला. त्याला आता खरंच चेव आला होता.

"सपन टाकतो," तो म्हणाला. "सपन कोणाले तपासता येत नाई. ज्यानं पाह्यलं त्यालेच माहीत." आणि त्यानं खाली लिहिलं, 'काल सपनात तू माह्या चपला घालून पुढं पुढं चालला होता, अन् मी अनवाणी तुह्या मागं. पाय लय पोळले, पण तुले हाक नाई मारली.'

गजेंद्रनं ते दोनदा वाचलं. मग रजिस्टरच्या आड पासा टाकला. जालसाजीचा पासा लपवूनच टाकायचा, असा नियम होता. समोरचा माणूस कागद वाचेपर्यंत जालसाजालाही कळता कामा नये, की आपलं साधलं का फसलं.

"काय पडलं बे?"

"सांगत नसतात," गजेंद्र म्हणाला आणि पानाची घडी करून खिशात टाकली.

संध्याकाळी चहाला जाताना राकेशला तो पुन्हा एसटीडीच्या काचेच्या खोलीत दिसला, हातात कसलासा कागद धरून, भिंतीकडे तोंड करून बोलत होता. राकेशनं मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि पुढे गेला.

शनिवारी कार्ड आलं. मेघाचंच अक्षर, डावीकडे कललेलं. राकेश दोन-दोन पायऱ्या चढत खोलीत आला आणि दारातूनच मोठ्यानं वाचायला लागला.

"'राकेश, मी बरी हाय. मेघाले ताप होता म्हनून चिठ्ठी राह्यली. बकरीले दोन पिल्लं झाले. पेपर सोडून आला तर घरात घेनार नाई, पाह्यजो मंग.'"

"वा रे माय!" योगेंद्र म्हणाला.

राकेशचा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तो मोकळं हसला. उगाच घाबरलो, आणि उगाच गजेंद्रवर चिडलो, असंही त्याला वाटून गेलं. जागा पुरली नव्हती म्हणून मेघानं पत्त्याच्या बाजूला बारीक अक्षरात अजून दोन ओळी कोंबल्या होत्या. त्यानं कार्ड उलटं केलं.

"'काल सपनात तू माह्या चपला घालून...'"

तो थांबला. पुढच्या ओळी त्यानं मोठ्यानं वाचल्या नाहीत.

"वाच ना बे, काय झालं?" योगेंद्र म्हणाला.

गजेंद्र खाटेवर मान खाली घालून बसला होता. राकेशनं कार्ड टेबलावर ठेवलं.

"गजेंद्र," तो म्हणाला, "माही माय कदी गेली?"