सातवीचं दुसरं वर्ष

“माझ्या पोरीची माती केलीत तुम्ही लोकांनी.”

मुख्याध्यापक बाईंनी खुर्ची पुढे केली, पण आई बसली नाही. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती. कुणाचं तरी शिवण मशीनवर अर्धवट टाकून ती आली होती. सकाळी पोरीने दप्तर माळ्यावर भिरकावलं होतं. “मला आठवीत जायचंच नाही. मला डोकं नाही, आई. तुझ्याजवळ बसून काजं करीन.”

नापास झाली म्हणून तिने सातवी दुसऱ्यांदा काढली होती. वर्गातली कार्टी तिला ‘आजी’ म्हणत. ‘आजी, कवळी कुठे ठेवलीस?’ यंदा बास्केटबॉलचा चषक तिनेच शाळेला मिळवून दिला, तेव्हाही मागून कुणीतरी बोललंच, ‘आजीचे गुडघे सांभाळा रे.’ तेरा वर्षांच्या पोरीला ढ म्हणत राहिलं की ती ढ होते. त्याला परीक्षा लागत नाही.

“चषक आणला की पोरगी शाळेची,” आई म्हणाली, “आणि नापास झाली की आमची? गेल्या वर्षी कुठल्या विषयात गेली होती ती? पेपर दाखवा मला.”

बाईंनी चष्मा काढला. “नापास? कोण म्हणालं तुम्हाला?”

कपाटातून फाइल निघाली. गेल्या वर्षीचा निकाल. गणितात चौऱ्याहत्तर. एकाही विषयाखाली लाल रेघ नाही. सोबत एक अर्ज टाचलेला: मुलीला आणखी एक वर्ष सातवीतच ठेवावं, ही विनंती. सातवीपर्यंतच्या संघाला वयाची अट नव्हती, इयत्तेची होती. बाकीच्यांपेक्षा वर्षाने मोठी, चार बोटं उंच, म्हणजे संघातली जागा पक्की. खाली पोरीच्या बापाची सही.

“गुणपत्रकही तिचे वडीलच घेऊन गेले होते,” बाई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, घरात बोलणं झालं असेल.”

शाळेलाही चषक हवा होता, हे त्या बोलल्या नाहीत. चषक त्यांच्या पाठीमागेच होता, लख्ख पुसलेला.

आई घरी गेली नाही. तडक नवऱ्याच्या दुकानात गेली. तो जळालेल्या पंख्याची मोटर भरत होता. तिने अर्जाची झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती पाहिली. तांब्याची तार बोटातून सोडली नाही.

“दोन इंच कमी पडले म्हणून मला संघातून काढलं होतं,” तो म्हणाला. “तिला काढू दिलं नाही. एका वर्षाने असं काय बिघडलं? कप्तान झाली पोरगी. आणि तुला सांगितलं असतं, तर तू करू दिलं असतंस?”

“नसतं.”

“मग झालं तर.”

“मग एवढंच सांगा,” आई म्हणाली. “निकालाच्या दिवशी, नापास झालीसच कशी म्हणून मी तिला मारत होते. लाकडी पट्टी मोडेपर्यंत मारलं. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. पोर तुमच्याकडे बघत होती. चौऱ्याहत्तर मार्क तुमच्या खिशात होते. तेव्हा तुम्ही तोंड का उघडलं नाहीत?”