उंबरा सोडून

पिशवीतला फोन पुन्हा वाजला. सोजराबाईनं तो वरूनच दाबून गप्प केला आणि छत्रीवाल्या गाईडच्या मागं चालू लागली.

"पोरगं हाय न्हवं? उचल की," यात्रेतली सोबतीण रत्नम्मा म्हणाली.

"उचलून काय सांगू? व्हय म्हणवत न्हाई, न्हाई बी म्हणवत न्हाई."

रामला आजच उत्तर हवं होतं. यात्रेची बस उद्या परत फिरणार. माय गावाकडं, मुडबीला जाणार, की इथूनच त्याच्याकडं पुण्याला, कायमची? नवरा गेल्यापासून ती एकटी होती. गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली होती. गुडघ्यांनी दगा दिला होता. पण लग्न होऊन आल्यापासून उंबरा धुऊन, रांगोळी ओढून, हळदकुंकू वाहिल्याशिवाय तिनं तोंडात पाणी घेतलं नव्हतं. यात्रेपुरता तो नेम शेजारच्या हेमावतीच्या ओटीत घातला होता. कायमचा कुणाच्या ओटीत घालणार?

रामेश्वर झालं, कन्याकुमारी झाली, आणि बसवाल्यानं मध्येच कोचीची ही जुनी गल्ली घातली. देवदर्शन नसताना ऊन कशाला खायचं, हे बायकांना कळत नव्हतं.

"ये जू टाउन है," गाईड म्हणाला.

"जू? बैलाच्या मानेवरचं?" सोजराबाईनं विचारलं.

"बैलाच्या कामून? तुझ्या मानेवरचं, अक्का," रत्नम्मा म्हणाली, आणि दमलेल्या बायका पहिल्यांदा हसल्या.

गाईडनं हिंदीत समजावलं. हे यहूदी लोक. शेकडो वर्षं इथं राहिले, मग आपल्या देवाच्या देशाला निघून गेले. आता मोजकी म्हातारी माणसं उरलीत. चपला काढून बायका प्रार्थनाघर बघून आल्या. निळ्या फरशा, टांगलेले दिवे, मूर्ती कुठंच नाही. सोजराबाईनं तरी हात जोडले.

बाहेर येऊन ती एका पायरीवर टेकली. समोरचं दार उघडलं. झगा घातलेली एक म्हातारी पिशवी घेऊन बाहेर आली. वळून तिनं चौकटीवर तिरप्या ठोकलेल्या बोटभर डबीला हात लावला आणि तीच बोटं ओठांना टेकवली.

मुडबीत कायमचं घर सोडून जाणारी बाई उंबऱ्याला असाच हात लावते. गल्लीतल्या सरुबाईनं लावला होता. ती परत आली नाही.

सोजराबाई तशीच उठली. "बाई, नका हो जाऊ घर सोडून!"

गाईडनं ते म्हातारीला सांगितलं. म्हातारी खळखळून हसली. ती मासळी आणायला निघाली होती. डबीत त्यांच्या धर्मवचनाची गुंडाळी असते. जाता-येता हात लावायचा, एवढंच.

शेजारच्या बंद दाराच्या चौकटीवर, तशाच तिरप्या रेषेत, खिळ्यांची दोन भोकं होती. सोजराबाईनं तिकडं बोट दाखवलं. "अन् ह्यांची कुठं गेली?"

म्हातारीनं हातानं सांगितलं. ते कळायला गाईड लागला नाही. उपसली. छातीशी धरली. दूर, फार दूर, नव्या दाराला ठोकली.

सोजराबाई त्या भोकांकडं बघत उभी राहिली. फोन वाजला. या खेपेला तिनं उचलला.

"माय, तिकीट काढू का?"

"राम, तुझ्या घराला उंबरा हाय का?"

"उंबरा?" राम गडबडला. "असंल की. ध्यान न्हाई माझं. मी अंधारात जातो, अंधारात येतो. आज सुट्टी म्हणून घरी दिसायलोय."

पलीकडं खुडबुड झाली. सून पल्लवीनं त्याच्या हातून फोन घेतला होता. सोजराबाईनं तिला कधी काही शिकवलं नव्हतं. पल्लवी मुडबीला यायची सणापुरती, आणि सासू उंबरा पुजायची तेव्हा ती डोक्यावर पांघरूण घेऊन निजलेली असायची.

"आत्या, ह्यांना काय ईचारता! तुमी उंबरा आत बसून पुजता का भाईर बसून? मी रोज भाईर बसायलेय, तर जिन्यातली माणसं मलाच वलांडून जायलीत."