बुटांकडे बघणारा

डेल हॉस्टेटलरच्या घरी जुळ्या मुली जन्मल्या, त्या उन्हाळ्यात तो बेसबॉलच्या कारकिर्दीतल्या अकराव्या संघात होता. मुली तीन आठवड्यांच्या होत्या आणि मॅनेजरने सकाळीच बजावलं होतं, "आज मार खाल्लास तर बॅग भर."

डेल शेवटी येणारा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. पहिले दमले की कुंपणामागच्या बाकावरून उठायचं आणि दुसऱ्यांनी पेटवलेली आग विझवायची. आत्ता तो सूर्यफुलाच्या बिया चावत बसला होता. शेजारी ल्यूथर होता, याच आठवड्यात आलेला प्रशिक्षक. पूर्वी पंधरा वर्षं तो डेलच्या विरुद्ध बॅट धरून उभा राहिलेला.

"ल्यूथर, एक विचारू? तू मला धोपटायचास. सगळेच धोपटतात. पण त्या ऑर्विल पास्कोला माझा चेंडू कधी लागत नाही. सोळा वेळा आला, सोळाही वेळा हात हलवत गेला. असं का रे?"

ऑर्विल आज समोरच्या संघात होता. एके काळी दोन वर्षं तो डेलचा कॅचर होता, बॅटवाल्याच्या मागे बसून त्याचे चेंडू झेलणारा. दोघं एका खोलीत राहायचे.

ल्यूथरने टरफल थुंकलं. "त्याचं मला ठाऊक नाही बाबा. आमचं सांगतो. वळणारा चेंडू हातमोज्यात लपवून धरताना तुझा तो मोजा टर्कीच्या शेपटासारखा फुलतो. समोरून लख्ख दिसतं. काय येणार ते कळल्यावर माझी आजीसुद्धा मारील."

"मला कुणी बोललं नाही."

"विरुद्ध बाजूचे कशाला बोलतील? आणि आपल्यांनी सांगेपर्यंत तू एका गावात टिकतोस कुठे?"

बाकाजवळचा फोन वाजला. मैदानातून डेलला बोलावणं आलं होतं. शेवटचा डाव, एका धावेची आघाडी, एकच गडी बाद करायचा राहिलेला. बॅट घेऊन आला तो ऑर्विल.

अडतीस वर्षांचा, गुडघे गेलेला. नेहमीसारखी मान खाली घालून तो आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. डेलसमोर तो कायम असाच उभा राहायचा. प्रेक्षकांतून कुणी तरी नेहमीचं ओरडलं, "पास्को, देव वर असतो, खाली नाही."

डेलला आजवर वाटायचं, आपल्याला घाबरतो. सगळ्या जगात एक तरी माणूस आपल्याला घाबरतो, याचं त्याला बरं वाटायचं. पण दोन वर्षं हाच मोजा रोज समोरून पाहणाऱ्या माणसाला तो फुललेला दिसला नसेल?

डेलने मुद्दाम वळणाऱ्या चेंडूची पकड घेतली. मोजा फुलला, आता त्याचं त्यालाही जाणवलं. ऑर्विलची नजर बुटांवरच. चेंडू घेऊन डेलचा हात डोक्यावर गेला, तेव्हा कुठे ऑर्विलने मान वर केली. बॅट हवेत फिरली. डेलने पुन्हा तोच चेंडू टाकला. मग पुन्हा तोच. तिन्ही हुकले की बाद. खेळ संपला.

सगळे पांगल्यावर डेलने त्याला कुंपणापाशी गाठलं. "माझा मोजा उघडतो. तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू हाताकडेच बघत बसला असतास. हाताकडे बघणारा पिचर पुढच्या वर्षी विमा विकत फिरतो. आता कळलंच आहे, तर मोज्याची वादी आवळून घे."

"आणि बॅट घेतल्यावर बूट का बघतोस?"

ऑर्विलने टोपी काढून घाम पुसला. "मी ते तुझ्या बाजूला असताना पाहिलं होतं, डेल."

डेलने त्याच रात्री वादी आवळली आणि त्या मोज्यावर आणखी चार वर्षं काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली गेली, पण ती ऑर्विलची. त्याच्याही मॅनेजरने त्याला तसंच बजावलं होतं, हे डेलला फार उशिरा कळलं, ऑर्विलच्या बायकोकडून, दफनाच्या दिवशी.

ऑर्विल पास्को ११ मार्च १९८१ रोजी वारला. डेलसमोर तो सतरा वेळा उभा राहिला आणि सतराही वेळा बाद झाला.