वच्छलाबाईंचं बोट

तिसरं इंजेक्शन देऊनही वच्छलाबाईंचं बोट बधिर होईना. भूल देणारी डॉक्टर प्रांजली चिमट्यानं दाबून बघायची, की त्या हात आखडून घ्यायच्या. बोटात पू भरला होता, हात मनगटापर्यंत सुजला होता. आज चिरा दिला नाही तर बोट हातचं जाणार होतं.

मुकुंदवाडीतल्या त्या छोट्या दवाखान्याचे सर्जन, अभयसर, हातात सुरी घेऊन ताटकळले होते. भूल द्यायला कुठं शिकलात, असं त्यांनी सिस्टरांदेखत प्रांजलीला विचारलं. बाई नुसत्या घाबरल्यात, हेही ठरवून टाकलं. पूर्ण भूल द्यावी तर पोट रिकामं हवं, आणि वच्छलाबाई भाकरी खाऊन आलेल्या. दुपारपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि थांबणं सरांच्या पत्रिकेतच नव्हतं.

प्रांजलीचा चेहरा पडला. वच्छलाबाईंनी तो पाहिला.

"झालं बाई, लाकूड झालंय बोट," त्या म्हणाल्या.

सरांनी स्वतः चिमटा घेतला. वच्छलाबाई हलल्या नाहीत. पण मॉनिटरवर नाडी ऐंशीवरून एकशे तीसवर गेली. सरांचं लक्ष बोटाकडे होतं. त्यांनी सुरी टेकवली.

"सर, थांबा." प्रांजलीनं त्यांचं मनगटच धरलं. मॉनिटरवरचा आकडा त्यांना दाखवला. "मावशी, विंचू चावलाय का कधी?"

"सात-आठ डाव. मेंढरांमागं धोंडे उचलावेच लागत्यात."

प्रांजली घाईघाईनं सरांना सांगत सुटली. नसेच्या पेशीवर सोडियमची इवलीशी दारं असतात. विजेचा दाब जरा बदलला की एक उघडतं, सोडियम आत शिरतो, मग पुढचं उघडतं, आणि कळ तशीच मेंदूपर्यंत धावते. आपलं औषध ती दारं अडवतं. विंचवाचं विषही त्याच दारांवर बसतं. पुन्हा पुन्हा विंचू चावलेल्यांना अशी जागेवरची भूल लागत नाही, असं काही डॉक्टरांनी नोंदवलंय. का, ते अजून नक्की कुणाला ठाऊक नाही.

सर मॉनिटरकडे बघत राहिले. मग सुरी ट्रेमध्ये टाकून, तीन वाजता पूर्ण भूल द्या म्हणाले आणि निघून गेले.

प्रांजली स्टूल ओढून वच्छलाबाईंजवळ बसली. तिला रागही आला होता.

"मावशी, एवढं दुखत होतं, तर खोटं का बोललात?"

"दुखणं काय, घटकाभराचं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुझं नाव गेलं असतं."