उतारावरचा जनरेटर

संमेलनात वीज गेली. चाळीस वर्षं फायलींवर सह्या केलेल्या हातांनी पाहुणे इंजिनीअर तिसऱ्यांदा जनरेटरचा स्पार्क प्लग पुसत होते.

“साहेब, तुमच्या गाडीला जागा दिली अन् जनरेटर उतारावर गेला. तिरका राहिला की तेल एकीकडे जातं, तेल संपलं समजून मशीन स्वतःच ठिणगी बंद करतं,” मंडपवाली गोदाक्का म्हणाली.

“बाई, तुम्ही खुर्च्या मांडा.”

ते हात धुवायला गेले, तेव्हा तिने जनरेटरखाली वीट सरकवून दोरी ओढली अन् तो सुरू झाला.

“अनुभव असा कामी येतो,” म्हणत साहेबांनी माइकवरून टाळ्या घेतल्या. भाषण रंगात आलं, तशी गोदाक्काने वीट काढून घेतली. माइक मुका झाला.

साहेबांनी धावत येऊन पुन्हा प्लगलाच हात घातला. तो तापलाय हे सांगायला हवं होतं, पण गोदाक्का खुर्च्या मांडत होती.