सरकीचा शेवटचा दाणा

अकोल्याच्या जुन्या शहरात, रईसाच्या ओसरीवर, आम्ही दरवर्षी ऑस्करचा निकाल आधीच लावतो. नामांकन मिळालेल्या प्रत्येक चित्रपटाचा एक पेला, प्रत्येकाच्या हाती सरकीचा एक दाणा, तेच मत. पण शेवटपर्यंत न पाहिलेल्या चित्रपटाला मत नाही, हा प्रणालीचा नियम. यंदा म्हाताऱ्या नावाड्याचा चित्रपट आणि प्रणालीचा लाडका युद्धपट बरोबरीत अडकले. उरला रईसाचा दाणा. तिची मूठ उघडेना. "टाक नं वं!" प्रणाली खेकसली. "नावाड्याचा अर्धाच पाह्यला. त्याले दवाखान्यात नेलं अन् मी उठली," रईसा म्हणाली. म्हणजे नियमानं दाणा युद्धपटालाच; प्रणालीच जिंकली होती. "उठली कावून?" तिनं विचारलं. रईसानं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं तिच्या अब्बांची ऑक्सिजनची मशीन घुरघुरत होती. "सांग, वाचते का तो?" शेवटी नावाडी मेल्यावर आम्ही बाकीचे सगळेच रडलो होतो. "वाचते," प्रणाली म्हणाली, "चालत घरी येते." नावाड्याचा पेला तिनंच पुढे सरकवला.